दाराजवळचे बटण आणि ओट्यावरचा उजेड : १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीला भिंतीवरचा स्विच जोडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातील सुमारे वीस वर्षे जुन्या इमारतीतील एका सदनिकेत हे प्रकरण घडले. कुटुंबाची आणि कारागिरांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. घरात पती-पत्नी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई अशी चार माणसे राहतात. स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना काटकोनी ओट्यावर भिंतीलगत कपाटे बसवली गेली आणि त्यामुळे छताच्या दिव्याचा उजेड नेमका ओट्यावर पडेनासा झाला. भाजी चिरणाऱ्याची स्वतःचीच सावली पाटावर पडू लागली. त्यावर उपाय म्हणून कपाटांच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये एलईडी पट्टी बसवण्यात आली. पट्टी १२ व्होल्ट डीसीवर चालणारी, मीटरला १४.४ वॅट घेणारी होती. एका भिंतीवर २.४ मीटर आणि दुसरीवर १.८ मीटर, म्हणजे एकूण ४.२ मीटर पट्टी लागली. हिशेबाने हा भार ६० वॅटच्या किंचित वर जातो, आणि १२ व्होल्टला त्यासाठी पाच अँपिअर प्रवाह लागतो.

सुरुवातीला पट्टीला १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा साधा अडॅप्टर जोडलेला होता आणि तो वॉटर प्युरिफायरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये लावलेला असे. दिवा लावण्यासाठी मायक्रोवेव्हच्या मागे हात घालून सॉकेटचे बटण दाबावे लागे. सुनेला ते जमत होते. सासूबाईंचा हात तिथवर पोहोचत नसे, आणि पहाटे सर्वांत आधी स्वयंपाकघरात जाणाऱ्या त्याच होत्या. म्हणून दाराजवळच्या स्विचबोर्डवर, जिथे एक जागा रिकामीच होती, तिथे या पट्टीचे बटण यावे अशी कुटुंबाची मागणी होती.

पहिली जोडणी आणि तिच्यातून उभी राहिलेली अडचण

हे काम मॉड्युलर किचन बसवणाऱ्या कारागिरानेच अंगावर घेतले. त्याचा युक्तिवाद असा होता की पट्टी १२ व्होल्टची आहे, तिचा शॉक लागत नाही, म्हणून तिला कुठलीही वायर चालते आणि इलेक्ट्रिशियनची गरज नाही. त्याने ०.७५ चौरस मिलिमीटरची लाल-काळी जोडवायर ओट्याच्या बोर्डापासून दाराच्या बोर्डापर्यंत भिंतीतल्या जुन्या कन्सील पाइपमधून ओढली, दाराच्या बोर्डावर ६ अँपिअरचे साधे मॉड्युलर बटण बसवले आणि अडॅप्टरच्या १२ व्होल्टच्या धन तारेला मध्येच तोडून हे बटण त्यात घातले. अडॅप्टर सॉकेटमध्ये कायम चालू राहिला. ऋण तार अडॅप्टरपासून थेट पट्टीला गेली. धन तार मात्र सात मीटर दारापर्यंत जाऊन सात मीटर परत येऊ लागली. परिणामी जोडवायरीतली लाल आणि काळी या दोन्ही तारा धनच झाल्या. पुढे कधीतरी बोर्ड उघडणारा माणूस काळी तार ऋण किंवा न्यूट्रल समजणार, हे उघड आहे.

बटण चालत होते, आणि पहिल्या दिवशी घरात समाधानच होते. दोनतीन दिवसांत मात्र सुनेच्या लक्षात आले की उजेड पूर्वीपेक्षा कमी आहे आणि गॅसच्या बाजूच्या शेवटच्या टोकाला तर तो मंदच दिसतो. कारागिराने पट्टी जुनी होताना असे होते असे सांगितले. शिवाय त्याने आपल्या बाजूने एक पुरावाही दिला: पूर्वी अडॅप्टर इतका तापायचा की त्यावर हात ठेववत नसे, आणि नव्या जोडणीनंतर तो बऱ्यापैकी थंड राहतो. हे निरीक्षण खरे होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा होता, आणि तो उलटा का हे कळल्यावरच पुढचे सगळे निर्णय घेता आले.

मोजमापे

कुटुंबाने या टप्प्यावर परवानाधारक वायरमनला बोलावले आणि त्यांच्या ओळखीने प्रस्तुत लेखकाचाही सल्ला घेतला. साध्या मल्टिमीटरने तीन ठिकाणी व्होल्टेज मोजले गेले. अडॅप्टरच्या तोंडाशी १२.० व्होल्ट, पट्टीच्या सुरुवातीला १०.९ व्होल्ट आणि शेवटच्या टोकाला १०.३ व्होल्ट मिळाले. म्हणजे बटणापर्यंतच्या आणि परतीच्या प्रवासातच १.१ व्होल्ट खर्ची पडत होते.

०.७५ ची लवचीक तांब्याची वायर मीटरला सुमारे ०.०२६ ओहम रोध दाखवते. चौदा मीटरचा तो सुमारे ०.३६ ओहम होतो. १.१ ला ०.३६ ने भागले की तीन अँपिअर येतात. पट्टीला पाच अँपिअर लागतात आणि मिळत होते तीनच, म्हणजे उजेड साठ टक्क्यांच्या आसपास आला होता. व्होल्टेज तर जेमतेम नऊ टक्के घटले होते, मग उजेड एवढा कसा घटला, असा प्रश्न मुलीने विचारला. त्याचे उत्तर पट्टीच्या रचनेत आहे. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी ओळीने आणि त्यांच्यासोबत एक छोटा रोधक असे गट असतात. तीन पांढऱ्या एलईडींना मिळून सव्वानऊ-साडेनऊ व्होल्ट लागतातच. उरलेले अडीच-पावणेतीन व्होल्ट रोधकावर पडतात आणि त्यावरच प्रवाह ठरतो. वायरने खाल्लेला प्रत्येक व्होल्ट या पावणेतीनमधून वजा होतो, बारामधून नव्हे. शेवटच्या टोकाला १०.३ व्होल्ट पोहोचत असतील तर तिथले एलईडी आपल्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश देत असणार, आणि डोळ्यांना दिसतही तसेच होते.

अडॅप्टर थंड राहण्याचे कारणही यातच सापडले. त्याच्याकडून साठऐवजी छत्तीस वॅटच घेतले जात होते. पातळ वायरीमुळे पट्टी अर्धपोटी राहिली आणि त्यामुळे अडॅप्टरला आराम मिळाला, इतकेच. उद्या कोणी नुसती वायर जाड केली असती, तर पट्टी पूर्ण उजळली असती आणि अडॅप्टर पुन्हा आपल्या कमाल क्षमतेवर, मायक्रोवेव्हच्या मागे, तासन्‌तास तापत बसला असता.

जोडवायर स्वतः तापत होती का, हेही तपासले. तीन अँपिअरला तिच्यात तीन-साडेतीन वॅट उष्णता निर्माण होते आणि ती चौदा मीटरवर पसरते. त्यामुळे वायर जळण्याचा धोका इथे नव्हता. हे मुद्दाम नोंदवतो, कारण चुकीच्या जोडणीविरुद्ध बोलताना आगीची भीती सरसकट दाखवली जाते आणि मग खरा धोका बाजूला राहतो.

खरा धोका कुठे होता

दाराचा बोर्ड उघडल्यावर तो दिसला. त्या डब्यात ट्यूबलाइट, पंखा आणि एका सॉकेटच्या २३० व्होल्टच्या तारा होत्या, आणि त्यांच्याच गुंत्यात ही पातळ आवरणाची जोडवायर वळवून बसवलेली होती. तिच्या उघड्या टोकांचे दोनतीन तंतू टर्मिनलच्या बाहेर आले होते आणि शेजारच्या बटणाला फेज (२३० व्होल्टचा दाब असलेली तार) देणारी लूप त्यांच्यापासून काही मिलिमीटरवर होती. त्यातला एक तंतू फेजला टेकला असता, तर २३० व्होल्ट सरळ पट्टीत आले असते. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलला चिकटवलेली, प्रोफाइल ओट्यापासून हातभर उंचीवर, आणि तिथे काम करणारे हात बहुतेक वेळा ओले. पट्टीच्या कापलेल्या टोकाशी डाख दिलेली तार प्रोफाइलला स्पर्श करणे अशक्य नसते.

१२ व्होल्टची जोडणी सुरक्षित मानली जाते ती दोन अटींवर. एक, तिचा दाब फार कमी असणे. आणि दोन, ती मुख्य पुरवठ्यापासून पूर्णपणे विलग असणे. चांगल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे २३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करून देणाऱ्या अडॅप्टरसारख्या उपकरणात, हे विलगीकरण ट्रान्सफॉर्मरच्या आतच केलेले असते आणि त्यासाठी भारतीय मानक १५८८५ मध्ये चाचण्या ठरवून दिलेल्या आहेत. कारखान्यात काळजीपूर्वक केलेले हे विलगीकरण स्विचबोर्डात दोन्ही दाबांच्या तारा एकत्र करून घरी मोडता येते. कारागिराचे ‘शॉक लागत नाही’ हे विधान पट्टीपुरते बरोबर होते; त्याच्या जोडणीत ते बरोबर राहिले नव्हते.

आणखी एक किरकोळ मुद्दा बटणाचा. भिंतीवरची नेहमीची बटणे एसीसाठी बनवलेली आणि तपासलेली असतात. ५० हर्ट्झच्या एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना उठणारी ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये ती सोय नसते. मात्र १२ व्होल्टला ठिणगी टिकून राहण्याइतका दाबच जवळजवळ नसतो, म्हणून या एका कारणासाठी मी ही जोडणी बाद केली नसती. २४ किंवा ४८ व्होल्ट असते तर हाच मुद्दा वजनदार ठरला असता, आणि तेव्हा डीसीचे मानांकन छापलेले बटणच वापरावे लागले असते.

विचारात घेतलेले पर्याय

वायरमनने सुचवलेला पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता: आहे तीच मांडणी ठेवावी, फक्त जोडवायर काढून तिच्या जागी अडीच चौरस मिलिमीटरची वायर ओढावी. हिशेब केला तर चौदा मीटर अडीचच्या वायरीचा रोध ०.१ ओहमच्या आसपास येतो. घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते आणि उजेड पंचाऐंशी टक्क्यांच्या जवळ जातो. पण दोन्ही दाबांची सरमिसळ तशीच राहते, आणि अडॅप्टरवरचा भार पुन्हा वाढतो. अडीचच्या दोन तारा जुन्या पाइपमध्ये शिरतील की नाही, हाही प्रश्न होताच.

दुसरा पर्याय बटण २३० व्होल्टच्या बाजूला घेण्याचा. दाराच्या बोर्डवरच्या बटणातून फेज न्यायची, सोबत त्याच बोर्डातला न्यूट्रल आणि अर्थिंग घ्यायचे, या तिन्ही तारा पाइपमधून ओट्याकडे न्यायच्या, आणि तिथे पट्टीच्या अगदी जवळ ड्रायव्हर बसवायचा. लांबचा प्रवास मग २३० व्होल्टला होतो. साठ वॅटच्या भारासाठी, ड्रायव्हरमधला क्षय आणि पॉवर फॅक्टर धरूनही, तिथे अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. तेवढ्याच चौदा मीटर एक चौरस मिलिमीटर वायरीत होणारी घट ०.१३ व्होल्ट, आणि तीही २३० मधून. पाच अँपिअरचा रस्ता फक्त ड्रायव्हर ते पट्टी एवढाच, म्हणजे मीटरभर उरतो. बटण बंद केले की ड्रायव्हरही बंद होतो, हा जादा फायदा.

तिसरा पर्याय मुलीने मांडला. बाजारात बॅटरीवर चालणारे, भिंतीला चिकटवायचे बिनतारी बटण मिळते. त्याचा रिसीव्हर अडॅप्टर आणि पट्टी यांच्यामध्ये बसतो आणि भिंतीत काहीच ओढावे लागत नाही. हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घर भाड्याचे असते तर मी हाच सुचवला असता, फक्त रिसीव्हरवर पाच अँपिअरपेक्षा जास्त क्षमता छापलेली आहे ना हे पाहून. पण इथे बटण मुख्यतः सासूबाईंसाठी हवे होते. बॅटरी संपल्यावर पहाटे पाच वाजता ती बदलणार कोण, या सुनेच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

चौथा, प्रोफाइलमध्येच हाताच्या हालचालीवर चालणारा सेन्सर. फोडणीची वाफ आणि तेलाचा थर यांपुढे तो किती दिवस नीट चालेल याची खात्री कोणीच देईना, म्हणून तो चर्चेतच बाजूला पडला.

पट्टीच बदलून २४ व्होल्टची घ्यावी का, यावर मात्र बराच वेळ गेला. त्याच वॅटला २४ व्होल्टवर निम्मा प्रवाह लागतो, त्यामुळे त्याच वायरीत घटही निम्मी होते. आणि ती दुप्पट दाबातून वजा होत असल्याने टक्केवारीत ती चौथ्या भागावर येते. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तम. पण ४.२ मीटर पट्टी नवी होती, प्रोफाइलमध्ये घट्ट बसली होती, आणि दुसऱ्या पर्यायानंतर पाच अँपिअरचा रस्ता एवढा आखूड होणार होता की २४ व्होल्टचा फायदा जवळजवळ उरतच नव्हता.

निर्णय, आणि त्यातले अडलेले मुद्दे

दुसरा पर्याय ठरला, पण तो जसा कागदावर सरळ दिसतो तसा प्रत्यक्षात नव्हता.

पहिली अडचण न्यूट्रलची. पाइपमध्ये जागा कमी असल्याने वायरमनचा विचार असा होता की दारापासून फक्त बटणातून येणारी फेज न्यावी, आणि न्यूट्रल व अर्थिंग ओट्याच्या बोर्डातूनच घ्यावे. तिथे ते आयतेच होते. दोन ताराही वाचल्या असत्या. हा मोह अनेक घरांत टाळला जात नाही. पण दाराचा बोर्ड दिव्यांच्या ६ अँपिअरच्या एमसीबीवर (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) होता आणि ओट्याचा बोर्ड पॉवरच्या वेगळ्या एमसीबीवर. एका सर्किटची फेज आणि दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल असे झाले की, उद्या पॉवरची एमसीबी बंद करून ओट्याच्या बोर्डावर काम करणाऱ्याच्या हातात येणारा न्यूट्रल पट्टीचा प्रवाह वाहत असेल, आणि तो सुटा केला की त्याच्या टोकावर ड्रायव्हरमधून आलेला २३० व्होल्टचा दाब उभा राहील. या घरात सगळ्या सर्किटांवर मिळून एकच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात फरक पडला की पुरवठा तोडणारा स्विच) होती. दोन्ही तारा तिच्यातूनच गेल्या असत्या, म्हणून ती कधीच पडली नसती आणि चूक वर्षानुवर्षे लपून राहिली असती. प्रत्येक सर्किटला वेगळी आरसीसीबी असती तर पहिल्याच दिवशी दिवा लावताच ती पडली असती. न्यूट्रल दाराच्याच बोर्डातून घ्यायचा, हे मग पक्के झाले.

दुसरा मुद्दा ड्रायव्हर कोणता आणि कुठे. भार साठ वॅट, म्हणून साठ वॅटचाच ड्रायव्हर घेणे म्हणजे त्याला कायम फुल लोडवर ठेवणे. ऐंशी टक्क्यांच्या वर भार जाऊ नये हा सर्वसाधारण संकेत पाळला तर पंचाहत्तर वॅट लागतात. उन्हाळ्यातले ठाणे आणि त्यात बंद कपाट लक्षात घेऊन १०० वॅटचा घेतला. दुकानदाराने जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस (ड्रायव्हरचेच काम करणारा उघडा डबा) स्वस्तात देऊ केला होता. तो दिवाणखान्याच्या छतात ठीक. स्वयंपाकघरात त्या जाळीतून वाफ, तेल आणि झुरळे तिन्ही आत शिरतात, आणि झुरळांना उबदार जागा भलत्याच आवडतात. म्हणून पूर्ण बंदिस्त, पाण्यापासून संरक्षित ड्रायव्हर घेतला. त्यावर भारतीय मानक ब्युरोचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे हे पाहिले. जागा निवडताना चिमणीलगतचे कपाट टाळून काटकोनाच्या कोपऱ्यातील कपाटाचा वरचा कप्पा निवडला, कारण तिथून दोन्ही पट्ट्यांची सुरुवात मीटरभराच्या आत होती आणि दार उघडताच ड्रायव्हर दिसत होता. ड्रायव्हर कपाटामागे कायमचा बंद करण्याची सूचनाही एकाने केली होती. बिघडणारी वस्तू हाताला लागेल अशीच ठेवावी, या मताला मी चिकटून राहिलो.

तिसरा मुद्दा हे काम कोणी करायचे. बिघडलेले बटण बदलणे आणि नवा पॉइंट वाढवणे यांत फरक आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम घरातील दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण जसेच्या तसे बदलण्यापुरती सूट देतात. मांडणीत भर घालणारे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागते. कुटुंबातील पुरुषाची स्वतः करण्याची हौस इथे बाजूला ठेवण्यात आली, आणि ते त्यांनी बऱ्यापैकी समजूतदारपणे घेतले.

प्रत्यक्ष काम

मुख्य स्विच बंद करून दोन्ही बोर्ड उघडले. टेस्टर न लागणे म्हणजे पुरवठा नाही असे न मानता, मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थिंग असे दोन्ही मोजून घेतले. जुनी जोडवायर लगेच ओढून काढली नाही. तिच्याच टोकाला १ चौरस मिलिमीटरच्या लाल, काळ्या आणि हिरव्या अशा तीन नव्या तारा बांधून ती दाराकडून ओढली, म्हणजे पाइपमध्ये नव्याने स्प्रिंग घालावी लागली नाही. नव्या तारा भारतीय मानक ६९४ नुसारच्या, ११०० व्होल्टच्या आवरणाच्या होत्या.

दाराच्या बोर्डात फेज बटणाच्या एका टर्मिनलला, दुसऱ्या टर्मिनलवरून लाल तार ओट्याकडे. बटणातून फेजच जावी, न्यूट्रल नव्हे, हे पुन्हा मीटरने तपासले. कोपऱ्याच्या कपाटात २३० व्होल्टची जोडणी एका छोट्या बंद डब्यात केली आणि ड्रायव्हरच्या दुसऱ्या टोकाकडच्या १२ व्होल्टच्या तारा वेगळ्या छिद्रातून खाली आणल्या. दोन्ही दाबांच्या तारा आता कुठेच एका डब्यात येत नाहीत.

पूर्वी लांब पट्टीच्या टोकाला आखूड पट्टी क्लिप-कनेक्टरने जोडलेली होती, म्हणजे आखूड पट्टीचा सगळा प्रवाह लांब पट्टीच्या कागदासारख्या पातळ तांब्यातून जात होता. तो जोड काढून दोन्ही पट्ट्यांना ड्रायव्हरपासून दीडच्या वायरीची स्वतंत्र जोडी दिली आणि टोकांना डाख देऊन त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. क्लिप-कनेक्टर डाख टाळण्यासाठी सोयीचे असतात खरे, पण ओलसर जागी अडीच-तीन अँपिअर सतत वाहणार असतील तर मी ते सुचवत नाही.

परिणाम

नव्या जोडणीत ड्रायव्हरच्या तोंडाशी १२.० व्होल्ट, लांब पट्टीच्या सुरुवातीला ११.९ आणि तिच्या शेवटी ११.५ व्होल्ट मिळाले. दोन्ही टोकांच्या उजेडातला फरक डोळ्यांना जाणवत नाही. दोन तास सलग चालू ठेवल्यावर ड्रायव्हर कोमट होता, हात ठेवता येत होता.

दोन गोष्टी मात्र अपेक्षेप्रमाणे घडल्या नाहीत. वायरमनने बोर्डावरील इतर बटणांशी जुळावे म्हणून निऑन दर्शक असलेले बटण बसवले होते, बंद असताना अंधारात लुकलुकणारे. त्या रात्री पट्टी बंद केल्यावर दर काही सेकंदांनी क्षणभर चमकू लागली. निऑनमधून जाणारा नगण्य प्रवाह ड्रायव्हरमधील कपॅसिटर हळूहळू भरतो, तो पुरेसा भरला की ड्रायव्हर सुरू होण्याचा प्रयत्न करतो आणि लगेच ढेपाळतो. त्याचीच ती चमक. पिवळ्या बल्बच्या काळात हा प्रवाह कोणाच्या लक्षातही आला नसता. दर्शक नसलेले साधे बटण बसवल्यावर चमक थांबली. सासूबाईंना अंधारात बटण सापडावे म्हणून त्यावर अंधारात चमकणारी छोटी चिकटपट्टी लावली, जी दर्शकाचेच काम करते आणि वीज लागत नाही.

दुसरी गोष्ट साधीच. ड्रायव्हर चालू झाल्यापासून उजेड पडेपर्यंत सुमारे अर्धा सेकंद जातो. सासूबाई बटण दाबत, उजेड आला नाही असे समजून पुन्हा दाबत, आणि दिवा लागता लागता विझे. पहिले दोनतीन दिवस त्या ‘हे नवे बटण लहरी आहे’ असेच म्हणत होत्या. सुनेने त्यांना एकदा दाबून थांबायला सांगितले आणि प्रश्न मिटला. पण खरेदीच्या वेळी दुकानातच ड्रायव्हर सुरू व्हायला किती वेळ घेतो ते लावून पाहिले असते, तर त्यांना सवय बदलावी लागली नसती.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा बदल क्रमाचा. कपाटे भिंतीवर चढण्याआधी दिव्याचे बटण कुठे हवे हे विचारले गेले असते, तर त्याच वेळी भिंतीला खाच मारून स्वतंत्र पाइप टाकता आला असता, ड्रायव्हरसाठी हवेशीर जागा सोडता आली असती आणि पट्टी पहिल्यापासून २४ व्होल्टची निवडता आली असती. किचनचे अंदाजपत्रक करताना दिव्यांच्या रकान्यात फक्त ‘एलईडी पट्टी, मीटरप्रमाणे’ असे लिहिलेले होते. ड्रायव्हर, बटण आणि त्यांमधल्या वायरींचा उल्लेखच नव्हता. ज्या गोष्टीला रकाना नाही ती शेवटच्या दिवशी हाताला लागेल त्या वायरीने उरकली जाते.

दुसरे, पहिल्या जोडणीनंतर उजेड कमी झाल्याची तक्रार आली तेव्हाच पट्टीच्या सुरुवातीला व्होल्टेज मोजले असते, तर ‘पट्टी जुनी झाली’ हे उत्तर टिकले नसते. मल्टिमीटर त्या कारागिराच्या पिशवीत नव्हता. पट्टीवर आणि अडॅप्टरच्या तोंडाशी, दिवा चालू असताना, असे दोनच आकडे घेतले की दोष वायरीचा आहे, अडॅप्टरचा आहे की पट्टीचा, हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे कळते. दिवा बंद ठेवून मोजले तर प्रवाह नसल्याने घट दिसतच नाही, आणि सगळीकडे १२ व्होल्ट मिळून फसगत होते.

तिसरे, नव्या तारा ओढल्यावर, ड्रायव्हर जोडण्यापूर्वी, मेगरने (उच्च दाब देऊन तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासायला हवे होते. वीस वर्षांच्या पाइपमध्ये, जुन्या तारांशी घासत ओढलेल्या नव्या तारांचे आवरण कुठे सोलले गेले नाही ना, हे डोळ्यांना दिसत नाही. वायरमनकडे मेगर होता, पण तो त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होता, आणि ड्रायव्हर जोडून झाल्यावर ही चाचणी करायची तर तो पुन्हा सोडवावा लागतो, कारण ५०० व्होल्टची चाचणी त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाही. आरसीसीबी चाचणी-बटणाने पडते एवढी खात्री करून काम संपवले गेले. त्या बटणाने आरसीसीबीची यंत्रणा चालते एवढेच कळते. तारांच्या आवरणाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मुलीला आता रात्री पाणी प्यायला येताना मंद उजेड हवा आहे. त्यासाठी दाराच्या बोर्डवर पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर बसवता येईल का, असे तिने विचारले. या ड्रायव्हरवर ते चालणार नाही. डिमरने छाटलेला पुरवठा त्याला सोसत नाही आणि पट्टी एकतर लुकलुकते किंवा ड्रायव्हर लवकर जातो. मंद उजेड हवा असेल तर ड्रायव्हर आणि पट्ट्या यांच्यामध्ये, कोपऱ्याच्या कपाटातच, आठ-दहा अँपिअरचा पीडब्ल्यूएम डिमर (१२ व्होल्टचा पुरवठा झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) बसवावा लागेल, आणि दाराचे बटण आहे तसेच राहील. त्यासाठी लागणारी जागा कप्प्यात आहे. जोडणीची आकृती वायरमनने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. तिच्यावर कोणती तार कुठल्या एमसीबीवर आहे तेही लिहिलेले आहे.